'रेडी'ची चिठ्ठी

प्रिय बाबा,

तर त्या कोटाच्या बाबतीत तुमचंच बरोबर होतं. फोनवर सांगितलं असतं, तर नेहमीसारखं "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे झाला असतात. म्हणून लिहितेय. मराठी लिहायची सवय नाही, ऱ्हस्व-दीर्घाला हसू नका.

आठवतं, सातवीत असताना तुम्हाला इंग्लिश शिकवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं? रोज एक शब्द. तुम्ही मशीनवर, मी कटिंगच्या टेबलावर पाय हलवत. मास्तरीणबाई म्हणायचात मला. 'रेडी' हा शब्द तुम्हाला फार आवडला. शिवून झालेल्या प्रत्येक कपड्याला तो लिहून चिठ्ठी टाचायचात. एकदा बटणं राहिलेल्या जॅकेटवर ती चिठ्ठी दिसली आणि मी भर दुकानात तुमची शाळा घेतली. अहो बाबा, रेडी म्हणजे अंगात घालायचं आणि चालू पडायचं! काहीही बाकी असेल तर नॉट रेडी! गिऱ्हाइकं खो खो हसली. तुम्हीही हसलात, "चुकलं, मास्तरीणबाई" म्हणत चिठ्ठी काढलीत. तेव्हा मला केवढी ऐट आली होती! आता आठवलं की कानशिलं तापतात.

मग माझा पहिला इंटरव्ह्यू. तुम्ही न विचारताच माझ्यासाठी कोट बेतलात. आठवडाभर मागे लागलात, पाच मिनिटं ट्रायलला उभी राहा गं. मी म्हटलं, आजकाल कोण शिवून घेतं? आणि मॉलमधून आयता कोट आणला. त्याच्या बाह्या लांब होत्या. त्या उसवून तुम्हीच नीट करून दिल्यात. नोकरी लागली, मी इकडे आले, सहा वर्षं झाली.

काल आईने फोटो पाठवला. म्हणाली, बाबा दुकान कायमचं बंद करतायत, सगळ्यांचे कपडे देऊन झाले, एका कोटाला मात्र कुणाला हात लावू देत नाहीत. राखाडी कोट. बाह्यांना अजून कच्चे टाके. कॉलरवर तुमच्या अक्षरात चिठ्ठी, 'नॉट रेडी'. सहा वर्षं तुम्ही माझा धडा पाळलात बाबा, आणि मला पाच मिनिटं उभं राहता आलं नाही.

शनिवारी येतेय. मशीन तेवढी विकू नका. माझे खांदे जरा भरलेत, पण पुढे कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीत दोन बोटं माया तुम्ही ठेवताच. तुम्हाला काय वाटतं, बसेल अजून?

तुमचीच,
मास्तरीणबाई