लॉट नऊमधल्या बारा पिना

४ फेब्रुवारी, मंगळवार

मालाच्या नोंदींची कार्डं जाणार! माझ्या कपाटातली सगळी. सव्वीस वर्षांची.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावून सांगितलं. "एक एप्रिलपासून अख्खा कारखाना एकाच सिस्टिमवर. खरेदी, स्टोअर, जुळणी, विक्री, सगळं एका जागी. ईआरपी." कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी चहाच्या किटलीकडे बघत राहिलं. मी खिडकीबाहेर. समोरच्या चालण्याच्या पट्टीवर एक माणूस नवा पाय घालून बघत होता. आम्ही कृत्रिम पाय बनवतो, गुडघ्यासकट. त्यांचे सुटे भाग माझ्या ताब्यात. त्या माणसाने कठडा सोडला, तीन पावलं टाकली आणि स्वतःशीच हसला. साहेब पुढे काय म्हणाले, देव जाणे.

घरी यांना सांगितलं. हे शाळेची बस चालवतात, जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना रस्त्यासारखी दिसते. "ईआरपी? म्हणजे एका रांगेत पळा!" म्हणाले. आणि स्वतःच्याच विनोदावर हात धुवेपर्यंत हसत होते.

११ फेब्रुवारी

सिस्टिम बसवणाऱ्या कंपनीकडून एक बाई आल्यात. चाळिशीच्या, कायम घाईत. दिसेल त्या वस्तूला कोड देतात म्हणून जुळणीवाल्यांनी लगेच नाव ठेवलं — कोडवाली.

तिने गुडघ्यातली पिन उचलली. "हिला काय म्हणता?"

मी म्हटलं, "कोण विचारतंय त्यावर आहे." मी छोटी पिन म्हणते. खरेदीवाले आठ नंबर म्हणतात. जुळणीत तिला दांडी म्हणतात, आणि विक्रीच्या यादीत ती 'गुडघा, भाग सहा'.

"एकीला चार नावं! मग तुमच्याकडे पिना संपलेल्या असतात तेव्हा खरेदीवाल्यांना वाटतं भरपूर आहेत, असंच ना?"

असंच. दर महिन्याच्या मीटिंगला यावरूनच आमची जुंपते. इतकी वर्षं मला वाटत होतं, आमचे स्वभावच वाईट.

२ मार्च, रविवार

मामांकडे जाऊन आले. माझ्याआधी स्टोअर त्यांच्याकडे होतं. नात्याचे कोणी नाहीत, पण अख्ख्या कारखान्याचे मामा. गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होते, घालता घालताच बोलले.

त्यांच्या वेळी एकच वही. "मी तापाने पडलो की कारखाना पडायचा." मग कार्डं. मग ते हिरव्या अक्षरांचं कॉम्प्युटर आलं, ते नुसतं मोजायचं. नंतर दुसरं आलं. इतके पाय करायचेत म्हटलं की इतके भाग मागवा, असं सांगायचं. हुशार होतं! पण ठेवलेलं खरेदीच्या खोलीत. "त्याला काही विचारायचं तर दोन जिने चढा. आणि वर गेलं की खरेदीवाला म्हणणार, आत्ता नाही."

"आता सगळ्यांसमोर एकच पडदा," मी म्हटलं.

"बरं आहे की. आता भांडायला जिने चढायला नकोत."

उठताना मला एक रोप दिलं. कसलं ते त्यांनाही आठवेना.

१९ मार्च

दुपारी स्टोअरमध्ये कोणी नसतं. वरच्या झरोक्यातून ऊन तिरकं येतं, धूळ त्यात पोहत असते. आज त्याच वेळी कोडवालीने पडद्यावर एक गंमत दाखवली. एका पायाची ऑर्डर टाकली — आणि तो पाय उलगडत गेला! आधी पाऊल, नडगी, गुडघा असा सुटला, मग गुडघ्याचे एकोणीस तुकडे, मग प्रत्येक तुकडा जाऊन आपापल्या मांडणीशी उभा राहिला. हा आहे, हा आहे, हा नाही. जो नाही त्याची मागणी तिकडे खरेदीच्या पडद्यावर आपोआप. ती पुढे काहीतरी समजावत होती. मी मात्र त्या उलगडलेल्या पायात अडकले. माझ्या मांडणीतून निघालेले तुकडे कुठे कुठे चालत असतील? कोणत्या गल्लीत, कोणाच्या अंगणात? ओल्या गवतावर कोणी उभं असेल आत्ता, माझी छोटी पिन गुडघ्यात घालून.

"ताई, ऐकताय ना?"

ऐकत होते. अगदीच नाही असं नाही.

३० मार्च, रविवार

रविवार असून कामावर. शेवटची मोजणी. परवा कार्डं बंद. जे मोजू ते सिस्टिममध्ये जाणार आणि तेच खरं धरणार.

सगळं जुळलं. फक्त जुळणीच्या टेबलाखाली एका ट्रेमध्ये बारा पिना निघाल्या. चिठ्ठी नाही, काही नाही. पिनांचे दोन लॉट आहेत, सात आणि नऊ. प्रत्येक लॉट म्हणजे पिना बनवणाऱ्याकडून एका वेळी आलेला माल. सिस्टिमला लॉट सांगितल्याशिवाय ती पुढे सरकत नाही, चौकोन लाल होऊन नुसता बघत राहतो. लॉट नऊमध्ये नेमक्या बाराच कमी भरत होत्या. मी नऊ टाकला. चौकोन हिरवा!

पिना जरा निळसर वाटल्या. निळसर झाक सातची. पण संध्याकाळचा उजेड तसाच निळा होता, आणि सगळे माझ्यासाठी थांबलेले.

१ एप्रिल, मंगळवार

सुरू झाली. छपाईयंत्राशिवाय काही बंद पडलं नाही. त्या सुट्या बारा पिना आधी वापरायला दिल्या, उगाच ट्रे अडकून नको. रिकामं कपाट उघडून उभी राहिले. जुन्या कागदाचा वास अजून आहे.

१४ मे

मीटिंग अकरा मिनिटांत संपली! भांडायला काही उरलंच नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसलो, लग्नात अनोळखी पाहुणे बसतात तसे.

३ जुलै

साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "मोजणी कशी असावी ते स्टोअरकडून शिका." आता दुसऱ्या कारखान्यातल्या लोकांना मी शिकवायला जाणार! मी, जिला पहिल्या दिवशी माउस उलटा धरला म्हणून सगळे हसले होते.

दुपारी डोळा लागला तेव्हा स्वप्न पडलं. मांडण्यांमधून पाणी वाहतंय, संथ, आणि मी त्यात गुडघाभर उभी. प्रत्येक ट्रे होडीसारखा जवळ येतो, आपलं नाव सांगतो, पुढे जातो. मला एकाचंही नाव विसरायला होत नाही. जागी झाले तरी घटकाभर पाय गार लागत होते.

८ सप्टेंबर, सोमवार

पिनेला चीर! तपासणीच्या यंत्रावर एक गुडघा लाख वेळा वाकवतात, त्यातली पिन तुटली. लॉट सात. पिना बनवणाऱ्यानेही कबूल केलं, त्या खेपेचं पोलाद नीट तापवलं गेलं नव्हतं. फक्त सातच. नऊ ठणठणीत.

कोडवालीने लॉट सात टाकला. आठ मिनिटांत यादी — त्रेसष्ट माणसं. कोणता गुडघा, कोणत्या तारखेला, कोणत्या केंद्रात, कोणाच्या पायाला. मामांच्या वहीतून काढायला महिना लागला असता. साहेबांनी मान हलवली. "वाचलो."

मी हसले. आणि हसता हसता मला तो निळा उजेड दिसला.

त्या बारा. कुठल्या होत्या? सातच्या होत्या. मला तेव्हाही माहीत होतं. माहीत होतं असं लिहायला हात धजत नाही, पण होतं.

९ सप्टेंबर

बोलले नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

आजही नाही. त्रेसष्टांना फोन चाललेत. माझ्या शेजारच्याच टेबलावर — "घाबरू नका, दोन दिवस काठी वापरा, आम्ही गुडघा बदलून देतो." माझ्या बारांना कोणी फोन करत नाही. ते यादीत नाहीत. ते खुशाल जिने चढत असतील.

मनाची समजूत घालून बघते. कदाचित खरंच नऊच्या असतील. कदाचित चीर पडणारच नाही. पुढच्या आठवड्यात मला शिकवायला जायचंय. 'मोजणी कशी असावी'!

दिवसभर सगळं लांबून ऐकू येतंय, पाण्याखालून ऐकल्यासारखं. जेवताना यांनी विचारलं, "कुठे आहेस?" म्हटलं, इथेच.

११ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी यांना सांगितलं. बूट घालत होते, एक पायात, एक हातात.

"चूक झाली?"

"हो."

"कळलंय कोणाला?"

"नाही. कळणारही नाही."

बूट तसाच हातात धरून म्हणाले, "माझ्या बसचा ब्रेक लागत नाही हे मला कळलं आणि मी पोरांना घेऊन निघालो, तर तू काय म्हणशील?" आणि मग, "चल. मी सोडतो तुला."

रिकाम्या शाळेच्या बसमधून कामावर गेले. एवढ्या खिडक्या आणि मी एकटी.

साहेबांच्या खोलीत उभ्यानेच सांगितलं. सगळं. निळा रंगसुद्धा. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "खुर्ची घ्या," म्हणाले. मग कोडवालीला बोलावलं. "आधी माणसं शोधा. यांचं काय करायचं ते नंतर बघू."

कोडवालीने माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या ट्रेमधल्या पिना कधी दिल्या?"

"एक एप्रिलला. सगळ्यात आधी."

"मग लॉट नऊमधल्या पहिल्या बारा." बोटं चालली. पडद्यावर बारा गुडघे आले, बारा तारखा, बारा पत्ते. शेजारी एक नोंदही होती — ३० मार्च, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, आणि माझं नाव. तेही सिस्टिमने जपून ठेवलं होतं.

१२ सप्टेंबर

साहेबांना म्हटलं, या बाराजणांना फोन मीच करणार. त्यांनी नाही म्हटलं नाही.

एक बागकाम करणारे आजोबा म्हणाले, "मी तर सकाळीच शिडीवर चढलो होतो!" एका आईने फोन पटकन ठेवला, लगेच पुन्हा केला, आणि रडायलाच लागली. एकजण रागावला, शिव्या घातल्या. त्या ऐकताना बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत अकरा. सगळे ठीक! बाराव्या एक बाई आहेत, शाळेत गाणं शिकवतात. घंटी वाजते, कोणी उचलत नाही.

१३ सप्टेंबर

उचलत नाहीत. मी शिकवायला जाणार ते रद्द झालं. साहेबांनी मला सिस्टिममध्ये फक्त बघायची परवानगी ठेवलीय, लिहायची नाही. योग्यच.

स्टोअरमध्ये बसून राहिले. ऊन आलं, सरकलं, गेलं. कोडवाली चहाचा कप ठेवून गेली.

१५ सप्टेंबर, सोमवार

फोन लागला. इस्पितळातून बोलत होत्या. जिन्यात गुडघा अचानक सुटला, कंबरेचं हाड मोडलंय, मनगटही. आवाज मात्र गोड, गाणाऱ्याचाच. म्हणाल्या, "तुम्ही इतकं शोधून फोन केलात, बरं वाटलं हो. कोण करतं?"

मग सहज विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"सोमवारी," मी म्हटलं. "गेल्या सोमवारी."

त्या बुधवारी पडल्या.