खिशातला आरसा

बाबा, माझं नाव तरी आठवते का? जिवंतपणीच तुम्ही आधी तिन्ही बहिणींची नावं घेऊन मग माझ्यावर येत होते. विमानाच्या इंजिनाचे भाग मात्र एका दमात. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगून राहिली अन् सून लिहून राहिली.

नागपूरच्या घरी चुलीपुढे फुंकणी हातात घेऊन तुम्ही शिकवायचे: कॉम्प्रेसर हवा दाबतो, दाबलेली हवा तेलासोबत पेटते, तिच्या जोरानं मागची टर्बाइन फिरते. एकदा मी कॉम्प्रेसरला "समोरचा पंखा" म्हटलं, तर मी भाकर थापत असतानाच तुम्ही हात धरला माझा. "पंखा छताला असतो. नाव चुकलं की हात चुकतो."

आता माझी नात, तुमची पणती, तिथं नागपुरातच विमानाची इंजिनं शिकते. आज सकाळी तिचा फोन. "आजी, सामान मोजलं तर एक वस्तू कमी आहे."

"वस्तू काय असते? नाव घे."

"छोटी टॉर्च. माझीच. आतच राहिली असेल, अन् इंजिनाचं झाकण लावून झालं. साहेबांना सांगितलं तर काढूनच टाकतील मला."

"विमान उडते कधी?"

"संध्याकाळी."

"मग माझ्याशी काहून बोलून राहिली? जा, सांग त्यांना!"

रडत फोन ठेवला पोरीनं. तेव्हापासून मी ओटा ते दार, दार ते ओटा. इथं आमच्या राइट टाउन मोहल्ल्यातल्या प्रत्येक स्कूटरचा हॉर्न मला फोनच वाटते.

मोठी शहाणी मी! बाबा, इंजिनाच्या आत डोकवायचा तुमचा तो दांडीवाला आरसा चुकून खिशातून घरी आला होता. सदरा धुताना मी घेतला, टिकली लावायला. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलं, "खिशात काही होतं काय गं?" मी नाही म्हटलं. आरसा आत राहिला समजून तुम्ही अख्खं इंजिन खोललं, तुमची बढती गेली, अन् मी आरसा विहिरीत टाकला.

सुनेचा हात थांबला. "आई, खरंच?"

"लिही, लिही. थांबली काहून?"

हे मी नातीला सकाळीच सांगायला पाहिजे होतं. तिला जरा धीर आला असता. पण लाज वाटली, बाबा. या वयात.

सून विचारते, पत्ता काय टाकू? काही टाकू नको, घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेव. पाठवायचंच तर पोरीला खायला पाठव, तिला ठेवोत की काढोत. इथली खव्याची जिलबी नको, वाटेत चिकट होते. तिखट शंकरपाळे अन् जवसाची चटणी दे. चटणी जास्तच बांध. घाबरली की ती पोळीला हात लावत नाही, नुसती चटणी खाते.