बर्फघराचं दार

अण्णा, आज दोह्यात सावलीतही उभं राहवत नव्हतं आणि मी दिवसभर बर्फाचा विचार करत होतो. बिन ओमरानमधल्या घरी आत्ताच देवापुढे दिवा लावला. हात जोडले, पण मन ऑफिसातल्या कागदांतच राहिलं. माझ्या ओळखीत बर्फाची नोकरी केलेले तुम्ही एकटेच, म्हणून तुम्हालाच सांगतो.

दूरच्या एका थंड समुद्रात तेलासाठी चार पायांचं लोखंडी मचाण उभं राहायचं आहे. त्याची गणितं आमच्याकडे होतात आणि तपासणीची शेवटची सही माझी. हिवाळ्यात तो समुद्र गोठतो. वारा आणि प्रवाह बर्फाचे मोठाले थर पायांवर रेटतात. बर्फ चुरडतो, अडतो, पुन्हा चुरडतो, आणि एका ठरावीक वेगाला अख्खं मचाण थरथरू लागतं. म्हणून पाण्याच्या पातळीवर प्रत्येक पायाला लोखंडी शंकू बसवतात. बर्फ त्याच्या उतारावर चढतो, वाकतो आणि मोडतो. अहवालात हे सगळं आहे, सुबक आहे. पण पायांच्या मधोमध विहिरींचे पाइप दाटीनं उभे आहेत आणि तिथल्याबद्दल एकच ओळ आहे: मध्ये बर्फ साचत नाही. कुणी पाहिलं? तिथल्या एका जुन्या मचाणाचे फोटो जोडलेत, पण झाडून सगळे बाहेरून काढलेले. आतला एकही नाही. सुबक कागद पाहिला की मला हल्ली आधी शंका येते.

शेजारच्या टेबलावरची नाशिकची इंजिनीअर हसली. "सर, बाहेर गाडीच्या टपावर ऑम्लेट होईल आणि तुम्ही बर्फाला घाबरताय?" साहेब दारातूनच म्हणाले, "भाईसाब, परसों क्लायंट आ रहा है. यल्ला, साइन करो, खलास." एवढी घाई नेमकी कुणाला, असंही मनात येऊन गेलं. त्या एका ओळीवरून माझं बोट मात्र हलेना.

कारण मला ते दार दिसत होतं. मी बारावीत आहे, तुमचा डबा घेऊन बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात आलोय. लाद्या ठेवायच्या खोलीचं लाकडी दार चौकटीसकट बाहेर सरकलंय, कडी वाकलीय. शेठ तुमच्यासमोर उभे आहेत. "दार उचकटून लाद्या कुणाच्या होडीत घातल्यास?" तुम्ही शांतपणे सांगता, "शेठ, बर्फानं ढकललंय. लाइट गेली की लाद्या पाझरतात, पाणी चौकटीच्या फटीत उतरतं. लाइट आली की तिथंच गोठतं आणि फुगतं. दर वेळी केसभर सरकतं." "बर्फाला हात फुटले वाटतं!" होडीवाले खो खो हसतात. मग शेठ माझ्याकडे वळतात. "तू शिकलेला आहेस. तू सांग, बाप बर्फ घरी आणतो की नाही?"

तुम्ही बर्फाचा खडाही कधी घरी आणला नव्हतात. जत्रेत सरबतासाठीसुद्धा विकत घेतलात. मला हे माहीत होतं. पण बर्फ दार ढकलतो हे काही मला पटलं नव्हतं, आणि मनात आलं, अण्णा काहीतरी लपवतायत. मी म्हणालो, "मला नाही माहीत."

तुम्ही कमरेची बर्फघराची किल्ली काढून शेठच्या हातावर ठेवलीत. वाटेत एवढंच बोललात, "डबा घासून ठेव." पुढे मरेपर्यंत तुम्ही बंदरावर माशांच्या टोपल्या वाहिल्यात.

आज ऑफिसात जेवणानंतरही मी सही केली नाही. सहीच्या जागी लिहिलं: पायांमधले फोटो पाठवा. मध्ये अडकलेला बर्फ पाझरून पुन्हा पुन्हा गोठला, तर पाइपांवर किती जोर येईल ते गणित दाखवा. परवा कदाचित दुसऱ्या कुणाची सही घेतील, तशी कुजबुज ऐकू आलीच. घेऊ देत. माझा शेरा त्या कागदावर राहील.

हे पत्र कुठे पाठवणार? देव्हाऱ्याच्या कापडाखाली ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. शेरा वाचून साहेब चमकले, म्हणाले, "ये आपको किसने बताया?" खोलीत चौघं होती. बर्फाच्या कारखान्यातला लादीवाला, असं म्हणायला जीभ वळली नाही. मी म्हणालो, "कहीं पढ़ा था."

कुठेही वाचलं नव्हतं, अण्णा.