ताडपत्री सीटवर ठेवली आहे

अहो,
आपली कार दारात दिसली नाही म्हणून शोधू नका. काच बसवायला गॅरेजवर नेली आहे. रात्रपाळी करून झोपला होतात, म्हणून उठवलं नाही.

सकाळी धाकटीला शाळेत सोडताना पुढच्या ट्रकमधून खडी उडाली. बरोबर तिच्या तोंडासमोर काच तडकली. तिला ओरखडाही नाही, घाबरू नका. दगड वायपरपाशी अडकला होता, तो तुमच्या बशीत ठेवलाय. बोराएवढा आहे, पण पराक्रम बघा!

ट्रक उघडाच होता. पोरगी म्हणाली, “आई, हा बाबांचा ट्रक आहे का?”
मी म्हटलं, “छे! तुझे बाबा ताडपत्री बांधल्याशिवाय ट्रक हलवत नाहीत.”
तिला लगेच पटलं.

आता तुमची ताडपत्री कुठे होती, ते आपल्या दोघांना आणि कोंबड्यांनाच ठाऊक. खुराड्यावरून काढून, ठिगळ लावून ट्रकच्या सीटवर ठेवली आहे. कोंबड्यांना जुनी चादर घातली. त्यांना कुठे खडी वाहायचीय?

गाठी मारण्यात एक खेप बुडते म्हणता ना, बुडू दे. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. झाकायला मला काही फार वेळ लागला नाही.

दोर नीट आवळा. पोरीपुढे मला खोटं पाडू नका.