खिडकीवरचा हार

अप्पा, तुमच्या शिडीवर आता कुणाला चढावं लागत नाही. मस्तगडच्या मोटार-पार्टच्या दुकानात जी शिडी खांद्यावर घेऊन तुम्ही दिवसभर एका फळीकडून दुसरीकडे फिरायचात, तिच्या जागी आमच्या कारखान्यात तीन मजली उंच लोखंडी कपाट उभं आहे. एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या स्टोअरची मी मुख्य होते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉन्व्हेंटच्या शेवटच्या वर्गात होते. त्या कपाटाला सगळे टॉवर म्हणतात. पडद्यावर नंबर दाबला की आतला पाळणा वर जातो, हवा तो ट्रे काढतो आणि कमरेएवढ्या उंचीच्या खिडकीत आणून ठेवतो. खिडकीच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. त्यात हात गेला की यंत्र जागच्या जागी थांबतं. या टॉवरसाठी मी साहेब लोकांशी वर्षानुवर्षं भांडले, कारण तुम्ही शिडीवरून पडलात तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. टॉवर आला माझ्या निवृत्तीच्या वर्षी. त्याच्यापुढे कामाला उभी राहिली माझी लेक. स्वतःच्या मार्कांवर लागली, माझ्या वशिल्यानं नाही.

गेल्या खंडेनवमीला कंपनीनं मला पूजेला बोलावलं. तुम्ही शिडीला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचात, तसाच मी टॉवरच्या खिडकीवर घातला. हाराची एक सर खाली लोंबली, किरणांत आली आणि टॉवर थांबला. "मॅडम, तुमची पूजा मशिनला बराबर पोचली न्हाई," इलेक्ट्रिशियन म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसले. बाहेर माल न्यायला ट्रक उभा होता. मी म्हटलं, हार काढा. प्लांट मॅनेजरच्या कपाळावर ताजं कुंकू. "पूजेचा हार लगेच उतरवायचा? अपशकुन होतो, मॅडम. सेन्सर बायपास करा रे, जल्दी. दसरा झाला की परत जोडू." म्हणजे यंत्राला हात ओळखू येतो तेवढंच बंद करायचं, बाकी सगळं चालू. दसरा झाला. हार सुकला, कुणीतरी उतरवला. सेन्सर कुणी जोडला नाही. किरण मुळात दिसत नाहीत, त्यामुळे ते नाहीत हेही दिसत नाही. दिवाळीच्या तोंडावर लेकीनं बेअरिंगचा खोका उचलायला खिडकीत हात घातला, आणि बाजूच्या पडद्यावर कुणीतरी पुढचा नंबर दाबला. ट्रे तिच्या हातासकट आत निघाला.

मला तुमचा मार आठवतो. दुकानात रचलेले ट्रकच्या कमानीचे जड लोखंडी पाटे घसरतायत आणि मी, दहा वर्षांची शहाणी, ते धरायला हात पुढे करतेय. तुम्ही लाकडी पट्टीनं माझ्या मनगटावर मारता. "माल पडला तर पडू दे. आधी हात बाहेर. हात काय दुकानात मिळतो का?" मी रडत घरी येते. संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी बसून तुमचे जुने चामड्याचे हातमोजे कापताय, माझ्या मापाचे करून दाभणानं शिवताय. स्वयंपाकघरात चामडं आणू नका, आई म्हणते. तुम्ही मान वर करत नाही. ते मोजे मला एक पावसाळाभरच बसले. तुमचं वाक्य मात्र मी लेकीला इतकं ऐकवलं की ती कंटाळून म्हणायची, "आई, आता ते बघायला मशिन आहे."

अप्पा, तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, बघू. परवा कंपनीचा माणूस सफरचंदं घेऊन घरी आला, खुर्चीच्या काठावर बसला. "ताई, एवढंच लिहून द्यायचं की घाईत हात आत गेला. दवाखान्याचा खर्चा कंपनी बघून घेईल, जागाही राहील. बिलकुल टेन्शन घेऊ नका. आणि सही जमत नसंल तर डावा अंगठा चालतो." माझ्या बीकॉम लेकीचा अंगठा. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "आई, तू गप राह्य. ते माझी जागा ठेवून राह्यले."

"कुठली जागा? त्या खिडकीपुढची?"

"मंग दुसरी कोण देणार आहे मला, या हाताची?"

दोन भाषांत लोकांची खरडपट्टी काढायला ज्या नन्सनी मला शिकवलं, त्यांनी यावरचं उत्तर शिकवलं नव्हतं. मी आत जाऊन त्या माणसासाठी चहा टाकला. त्यानं तो पिऊन चांगला झालाय म्हणून सांगितलं.

आज सकाळी दहाला तिला न्यायला कंपनीची गाडी येणार होती. ती अंगठा देईल, आणि मग हार, बायपास, दसरा, यांतलं काहीच घडलेलं नसेल. फक्त एक घाईची मुलगी असेल. मी किती बोलले तरी अंगठा तिचा आहे. तिला स्वतःची वेणी घालता येत नाही, म्हणून ती माझ्यापुढे पाटावर बसली. मी वेणी घातली. वाकडी झाली म्हणाले, सोडली. परत घातली. सैल झाली म्हणाले, परत सोडली. खाली हॉर्न वाजला. "आई, राहू दे ना तशीच." हलू नको, मी म्हणाले. तेल आणलं, फणी बदलली. हॉर्न आणखी वाजला, मग ड्रायव्हर वर येऊन म्हणाला, साहेबांना दुसरीकडे सोडायचंय, उद्या याच वेळी येतो. ती माझ्या गुडघ्याला पाठ टेकून बसून राहिली, दुखरा हात मांडीवर ठेवून.

आता ती झोपली आहे आणि मी हे लिहिते आहे. हे पत्र कुठल्याच पेटीत टाकता येणार नाही, मला कळतं. उद्या गाडी परत येईल आणि उद्या काय करायचं ते मला सुचत नाही, अप्पा. तुम्हाला म्हणून सांगते, वेणी पहिल्यांदाच चांगली पडली होती.