फॅगसची पानं गळल्यावर

प्रिय आई,

तीन दिवस हे पत्र टाळतोय. कंटाळा नाही, लाज वाटते. तुझ्या गुडघ्याने दगा दिला म्हणून यंदा डोंगरावरच्या तळ्याकाठी, आपल्या दक्षिणेकडच्या एप्रिलातल्या पानगळीत सोनेरी होणाऱ्या त्या फॅगसच्या झुडपाचा फोटो काढायचं काम तू माझ्यावर सोपवलंस. "पंचवीस एप्रिलला वर पोहोच, लॅकी. एकवीस वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही मी," असं बजावलंस. निघालो वेळेवरच, पण वाटेत सफरचंदं तोडणारी टोळी भेटली, गाणीबिणी झाली, आणि आठवडा गेला. वर आलो तर सोनेरी पानं सगळी चिखलात. गेल्या वर्षीचाच फोटो नवा म्हणून दाखवावा, असंही मनात आलं. पाय थकलेत, आणि तुझ्यासमोर यायला तर ते उचलतच नाहीत. म्हणून इथल्या लाकडी खोपटातच पडून आहे.

थांब, बाहेर कुणीतरी धापा टाकतंय.

आई, तूच आलीस! काठी टेकत, रेंजरला मागे टाकून. "मेल्या, पायथ्याशी चढणाऱ्यांच्या नोंदवहीत एकाच दिवसाचं लिहिलंस, आणि परतल्याची सही नाही! माणसं डोंगर धुंडाळतायत तुझ्यासाठी!"

तू दम खात टेकलीयस, तोवर हे पत्र पुरं करतोय. ते उघडंबोडकं झुडूप तुला वाटेत दिसलंच असणार. त्याबद्दल तू अजून एक शब्द काढलेला नाहीस.

तुझाच,
लॅकी