पाकिटाच्या पाठीवरचा पत्ता

दि. ४ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि दोन धपाटे वेगळे.

तुझं पत्र मिळालं. त्यात तीन पानं ओळखपत्र आणि अर्धं पान तू. नोंदणी कचेरीने तुला खुर्ची दिली की तुझ्या डोक्यात मशीन बसवलं, ते आधी कळव. अंगठा द्या, डोळा द्या, पत्ता द्या, आणि हे सगळं म्हणे आमच्याच सोयीसाठी! माझी सोय मी दीड वर्षापूर्वी स्वतः केली. एका हातात छकुलीचा हात, दुसऱ्या हातात पिशवी, आणि मोबाइल मुद्दाम नवऱ्याच्या उशीखाली ठेवून निघाले. मी कुठे आहे ते त्याला त्या मोबाइलवरूनच कळायचं. तेव्हापासून तुझ्यासारख्या आळशाला पत्रं लिहायची वेळ आली आहे.

इथे बरं चाललंय. बाइंडिंगच्या कारखान्यात दिवसभर पुस्तकांचे फर्मे शिवते. बोटांना खळ चिकटलेली असते, ती घरी आल्यावर छकुली खरवडून काढते. मालकीणबाई कामाला कडक आहेत, पण आडनाव त्यांनी एकदाही विचारलं नाही. छकुलीचा खोकला कमीजास्त असतो.

माझा पत्ता जगात दोघांनाच माहीत आहे, मालकीणबाईंना आणि तुला. तुला एवढ्यासाठीच, की पोरीला काही झालं तर कुणीतरी धावून यावं. पाकिटाच्या पाठीवरचा पत्ता वाचून झाला की पाकीट फाडत जा, हे मी दर पत्रात लिहिते आणि तू दर पत्रात उत्तर देत नाहीस.

माया आहेच, पण संपायला आली आहे.
तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. धपाटे पोचले.

तू चिडणार हे धरून लिहितो आहे. येत्या पंधरा तारखेपासून सरकारी दवाखान्यात ओळखपत्राशिवाय केसपेपर निघणार नाही. मागच्या थंडीत छकुलीला वाफ द्यायला घेऊन धावली होतीस, ते तूच लिहिलं होतंस. उद्या खिडकीवरूनच परत पाठवलं तर काय करशील? आमचे साहेब म्हणतात, ज्यांना लपवायचं काही नाही त्यांनी घाबरण्याचं कारण नाही. तू उगाच या गोष्टीचा बाऊ करतेस असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी काम करून टाकलं आहे. तुमच्या जुन्या गल्लीत शिबिर झालं होतं तेव्हा तुझा अंगठा घेतलेलाच होता, फक्त पत्ता बदलायचा होता. अर्जदार येऊ शकत नसेल तर जवळच्या नातेवाइकाचा अंगठा हमी म्हणून चालतो. मी माझा दिला. पत्ता तुझ्या पाकिटावरून उतरवला. तुझी पाकिटं फाडवत नाहीत गं मला, बिस्किटांच्या डब्यात सगळी जपून ठेवली आहेत. कार्ड पंधरा दिवसांत घरपोच येईल. भाऊजींना यातलं काहीही कळणार नाही, सगळी माहिती आमच्याकडे कुलपात असते.

आता एकदा तरी शाबास म्हण.

लोभ वाढवावा, निदान कार्ड हातात पडेपर्यंत.
तुझा,
ठोंब्या


दि. २० मार्च

ठोंब्या,

आज आशीर्वाद नाहीत. अक्षर छकुलीचं आहे, शब्द माझे. माझा उजवा अंगठा मोडला आहे. मी सांगितलेल्या शिव्या पोरीने लिहायला नकार दिला, म्हणून खाली दोन ओळी कोऱ्या सोडायला सांगितल्या आहेत. त्या तू तुझ्या हाताने भर.

. . . . . . . . . . . . . . . . . . . .
. . . . . . . . . . . . . . . . . . . .

मंगळवारी दुपारी तो आला. हातात छापील कागद होता. कुटुंबप्रमुखास कळविण्यात येते की आपल्या कुटुंबातील सदस्याचा पत्ता बदलण्यात आला आहे, आणि खाली माझा पत्ता, मजला आणि खोली नंबरासकट. तुमच्या कचेरीने त्याच्या मोबाइलवर पाठवला होता, तोच त्याने छापून आणला. तुमच्या कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात होती, एवढं तुला ठाऊक नव्हतं? खालच्या शेजारणीने सरकारी शिक्का बघितला आणि बिचारीने स्वतः जिना दाखवला.

छकुली घरात एकटी होती. मी जेवायला आले तेव्हा तो खाटेवर बसून तिला कपडे भरायला सांगत होता, आणि ती खोकत खोकत भरत होती. मी तिला ओढून बाहेर काढलं. त्याने माझ्या हातावर दार लावलं. ओरडा ऐकून शेजारच्याच कारखान्यातल्या बायका धावल्या, पुढे मालकीणबाई, हातात कागद कापायची लोखंडी पट्टी घेऊन. तो जिना उतरता उतरता म्हणाला, आता रस्ता पाठ झाला.

आणि पुढचं ऐक. दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने माझ्यापुढे मशीन सरकवलं आणि अंगठा ठेवायला सांगितलं. मी हात वर केला. अंगठा वांग्याएवढा सुजला होता, नखातून रक्त येत होतं. तो म्हणाला, नोंद उजव्याची आहे, डावा चालणार नाही. माझ्यामागे उभी असलेली माणसं मलाच म्हणाली, बाई, लवकर करा. शेवटी एका नर्सने दया येऊन आत नेलं आणि कागदाशिवाय पट्टी बांधली. तू ज्याच्यासाठी हा सगळा उद्योग केलास, तो उपचार मला तुझ्या कार्डाने दिला नाही, त्या नर्सने दिला.

साहेबांना सांग, लपवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, आम्ही दोघी.

खोली सोडली आहे. उत्तर देणार असशील तर मालकीणबाईंच्या नावाने दे. आणि परत त्या माणसाला भाऊजी म्हणालास तर तुझं माझं नातं संपलं.

ताई


दि. २५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी साहेबांकडे गेलो. पत्ता पुसून टाका म्हणालो. ते म्हणाले, आपल्याकडे काही पुसलं जात नाही, फक्त खाली नवीन ओळ येते. नवा पत्ता टाकला तरी जुना वर दिसत राहतो, आणि नव्याचीही सूचना कुटुंबप्रमुखाला जाते. मग म्हणालो, कुटुंबप्रमुख बदला. त्यासाठी कुटुंबप्रमुखाचाच अंगठा लागतो म्हणे. मी तीन वेळा विचारलं. चौथ्या वेळी त्यांनी मला चहा मागवला आणि घरचे प्रश्न घरी ठेवायला सांगितलं.

ताई, सूचना जाते हे मला माहीत नव्हतं असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी शेकडो पत्ते बदलले, प्रत्येकाची सूचना गेली, आणि ती कुणाच्या हातात पडते याचा मी कधी विचार केला नाही. पण नियम मी केलेले नाहीत एवढं तरी मान. माझा हेतू वाईट नव्हता. छकुलीसाठीच केलं.

अंगठा कसा आहे? शिवणकाम करता येईल ना?

आशीर्वाद मागायचं तोंड नाही.
ठोंब्या


दि. २९ मार्च

ठोंब्या,

अक्षर आजही पोरीचंच. हाड जुळेल, पण सुई धरता येईल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत. सध्या डाव्या हाताने पुठ्ठ्यांना खळ लावते.

तुझा हेतू चांगला होता हे मला माहीत आहे, आणि त्याचाच जास्त संताप येतो. तो माणूस वाईट आहे हे ओळखून मी दीड वर्ष त्याच्यापासून लपले. तुझ्यापासून कशी लपणार होते? मला एकदा विचारायचं होतंस. एक पत्र, एक ओळ. माझा पत्ता माझा होता, तो तुला सांभाळायला दिला होता, वापरायला नाही.

ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने कार्डाचा नंबर मागितला, नोंद उघडली, कुटुंबप्रमुखाचं नाव वाचलं आणि म्हणाला, नवराबायकोचं आहे, घरी मिटवा. म्हणजे मी पळाले, राबले, पोरीला वाढवलं, आणि सगळ्यांच्या पडद्यावर अजून त्याचीच आहे!

नियम तू केले नाहीस, ठीक. पण अंगठा तुझा होता. तुमच्या गावच्या सभागृहात सात तारखेला या कार्डावरच्या हरकती ऐकणार आहेत, असं मालकीणबाईंनी पेपरात वाचलं. तिथे जा. माझं नाव न घेता, तू काय केलंस ते तुझ्या साहेबांसमोर सांग. माझ्याकडे माफी मागू नकोस, ती मला काही उपयोगाची नाही.

परवा आम्ही निघतोय. कुठे ते मालकीणबाईंनाच माहीत आहे. हे पत्र त्याच पेटीत टाकतील.

बाकी काय लिहू. बहीण आहे, ते काही पुसलं जात नाही.
ताई


दि. १६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र मालकीणबाईंकडे पाठवतो आहे. तुझ्यापर्यंत पोचेल असं समजून लिहितो.

सात तारखेला गेलो. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. साहेब मंचावर होते. मला बघून हसले, त्यांना वाटलं बाजूने बोलायला आलोय. मी सांगितलं की मी याच कचेरीत बसतो, एका बाईला विचारल्याशिवाय तिचा पत्ता मी बदलला, त्याखाली हमीचा अंगठा माझा आहे, आणि आपल्या सूचनेने तिला मारणारा माणूस तिच्या खाटेपर्यंत पोचला. साहेब म्हणाले, ही वैयक्तिक बाब आहे. ताई, मी आयुष्यात पहिल्यांदा वरच्या माणसावर ओरडलो. वैयक्तिक आहे म्हणूनच ती तुमच्या मशीनमध्ये नको, असं म्हणालो. माइक बंद केला, मी तसाच बोलत राहिलो. मागच्या रांगेतून एक बाई उठली आणि तिच्या बहिणीचंही असंच झालं म्हणाली. मग आणखी एक उठली. सभा आवरती घेतली.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या दारावर अंगठा ठेवला, तर लाल दिवा. तीनदा ठेवला. शिपायाने मान खाली घालून माझा डबा आणि छत्री बाहेर आणून दिली. वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्याहून चीड जास्त आली, आणि ती अजून गेलेली नाही. कार्ड चालूच आहे, नियम तोच आहे. पुढच्या सभेला त्या दोघी आणि मी मिळून जाणार आहोत.

छकुलीने सोडलेल्या कोऱ्या ओळी मी भरल्या. दोन्हींवर माझंच नाव लिहिलं. बिस्किटांचा डबा उघडून पत्रं वेगळी काढली आणि पाकिटं सगळी बारीक फाडली. दीड वर्ष उशीर झाला.

तुझा अंगठा आणि पोरीचा खोकला, दोन्हींबद्दल सवडीने कळव. पण पत्र मालकीणबाईंच्याच हाती दे आणि पाकिटावर पत्ता लिहू नकोस. मी आजारी आहे म्हणालो, रडलो, शपथ घातली, तरी मला सांगू नकोस.

दुरूनच लोभ ठेव.
तुझा,
ठोंब्या